सॉलिसिटरची तक्रार करायची कुणाकडे? (अडीच लाख आणि अडकलेली फाइल)

चाफा_गिरगाव

नमस्कार मंडळी. लिहू की नको, लिहू की नको करत महिना गेला. आज लिहितेच.

आईच्या नावावर गिरगावात चाळीतल्या दोन खोल्या होत्या, चाळ पाडल्यावर त्यांचा फ्लॅट झाला. आई २०१९ मध्ये गेली. मृत्युपत्र व्यवस्थित होतं, मला आणि भावाला निम्मंनिम्मं. भांडण नाही, तंटा नाही. पण सोसायटी म्हणाली, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब) आणा, मग नावावर करू. मुंबईत तेव्हा प्रोबेट लागायचंच. कुणाच्या तरी ओळखीने फोर्टमधल्या एका सॉलिसिटरकडे गेलो. पाटीवर 'सॉलिसिटर अँड अ‍ॅडव्होकेट'. मला आपलं वाटलं, सॉलिसिटर म्हणजे साध्या वकिलापेक्षा वरचं काहीतरी असणार.

पहिल्याच भेटीत 'कोर्ट फी आणि खर्च' म्हणून अडीच लाख घेतले. पावती मागितली तर म्हणाले, "अहो ताई, तुम्ही घरच्यासारख्या." मग कोविड आला, ते एक निमित्त झालं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एकच उत्तर: "ऑफिस ऑब्जेक्शन्स आहेत, काढतोय." कसली ऑब्जेक्शन्स ते काही सांगत नाहीत. शेवटी भाऊ वैतागून म्हणाला, दुसरा वकील करू. तर यांचं म्हणणं, राहिलेले एक लाख दहा हजार द्या आणि फाइल घेऊन जा. त्या फाइलमध्ये सोसायटीचं मूळ शेअर सर्टिफिकेट आहे.

माझा प्रश्न असा. डॉक्टरला ग्राहक मंचात खेचता येतं, बिल्डरला महारेरात. सॉलिसिटर लोकांवर नियंत्रण नक्की कुणाचं? आणि ते बदलायला हवं असं फक्त मलाच वाटतंय का?

तात्या_तळेगाव

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

चाफा_गिरगाव

तात्या, पायरी कुठे चढले, फोर्टातली जाळीची लिफ्ट चढले. तीही तिसऱ्या मजल्यावर बंद पडली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

खवचट_खारूताई

सरळ ग्राहक मंचात जा. आमच्या शेजाऱ्यांनी एका वकिलावर केस टाकली होती आणि जिंकलीही होती.

वकिलीणबाई

खारूताई, ते दार आता बंद झालंय. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्ये वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येते असं म्हटलं होतं, शेजाऱ्यांची केस त्या काळातली असेल. पण १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो निर्णय फिरवला. न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांचं खंडपीठ. वकील अशिलाच्या सांगण्याबाहेर जाऊ शकत नाही, त्याच्या कामावर अशिलाचा थेट ताबा असतो, म्हणून हा 'व्यक्तिगत सेवेचा करार' आणि तो ग्राहक कायद्याबाहेर, असा युक्तिवाद आहे. डॉक्टर मात्र १९९५ च्या निकालापासून आतच आहेत.

चाफाताई, थेट ताबा हे शब्द वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर मी समजू शकते. मी स्वतः सतरा वर्षं वकिली करते.

तुमच्यासाठी मार्ग म्हणजे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१, कलम ३५. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे लेखी तक्रार. तक्रारीत तथ्य दिसलं तर ती शिस्तपालन समितीकडे जाते. कलम ३६ब प्रमाणे एका वर्षात निकाल लागला पाहिजे, नाहीतर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं.

कोकणी_मेवा

आणि त्या समितीत कोण बसतं तेही सांगा की बाई.

वकिलीणबाई

तीन जण. तिघेही वकील.

कोकणी_मेवा

बसा बोंबलत! मांजरांच्या पंचायतीत उंदराची फिर्याद. त्यातले दोघे तर वकिलांच्याच मतांवर निवडून आलेले. उद्या ज्याच्याकडे मत मागायला जायचं त्याची सनद आज कोण काढेल?

निवृत्त_आर्टिकल

पाटीचा विषय निघालाच आहे तर मधे थोडं विषयांतर करतो. म्हाताऱ्याला सांभाळून घ्या.

चाफाताई, 'सॉलिसिटर वकिलापेक्षा वरचा' हा समज मुंबई आणि कलकत्ता या दोन शहरांत पिढ्यान्‌पिढ्या होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर (दावे थेट हायकोर्टात चालतात तो विभाग) दोन वेगळ्या जाती होत्या. अशिलाशी बोलणं, कागद करणं, पैसे सांभाळणं हे अटर्नीचं, म्हणजे सॉलिसिटरचं काम. उभं राहून युक्तिवाद करायचा तो कौन्सिलने (हा वकील, बार कौन्सिल नव्हे). कौन्सिल अशिलाकडून थेट काम घेत नसे, सॉलिसिटरने लाल फितीत बांधलेली ब्रीफ, म्हणजे खटल्याचे कागद, पाठवली की तो वाचणार. म्हणजे अशिलाला खर्च दोघांचा, पण पैशांचा जाब मात्र एकालाच विचारायचा.

१९७६ च्या दुरुस्तीने ही दुहेरी पद्धत मोडली. १ जानेवारी १९७७ पासून अटर्नी हा कायद्यातला वेगळा वर्गच राहिला नाही, सगळे अ‍ॅडव्होकेट. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी मात्र आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते. तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी करायची, मग ती परीक्षा. मी दोनदा बसलो. पहिल्या खेपेला निकालाच्या फलकावर माझा नंबर शोधताना एक गृहस्थ मागून म्हणाले, "अहो, यादी छोटीच आहे, दिसला नाही म्हणजे नाही." तर त्या पदवीला मान आहे, मेहनत आहे, मोठ्या फर्ममध्ये आजही वजन आहे. पण सॉलिसिटर म्हणून तुमच्यावर वेगळी देखरेख करणारी यंत्रणा? शून्य. पाटी जुनी राहिली, मागची भिंत १९७७ ला पडली.

खवचट_खारूताई

गिरगावच्या चाळीसारखंच म्हणा की. फक्त इथे पुनर्विकास झाला नाही.

निवृत्त_आर्टिकल

बाई, कोपरापासून दंडवत.

एक सांगायचं राहिलं. जुन्या पद्धतीत अशिलाच्या हातात एक हत्यार होतं. सॉलिसिटरचं बिल फुगलेलं वाटलं तर ते हायकोर्टाच्या टॅक्सिंग मास्टरसमोर, म्हणजे बिलं तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर नेता यायचं. एकेक नोंद तपासली जायची, पत्र लिहिलं त्याचे किती, भेट झाली तिचे किती, आणि जास्त वाटेल त्यावर काट मारली जायची. आमच्या फर्ममधले म्हातारे कारकून बिल करताना "मास्टर कापेल हो" म्हणून स्वतःच आकडा खाली आणायचे. तक्रार न होताच निम्मं काम व्हायचं.

म्हापशेकार

आमच्या गोंयांत वेगळीच तऱ्हा. मृत्युपत्र नोटरीसमोर होतं, त्याच्या दप्तरात नोंदलं जातं. वाटणीसाठी इन्व्हेंटरी प्रोसीडिंग, २०१२ चा वेगळा कायदा आहे. प्रोबेट हा शब्द मी मुंबईच्या आत्याकडून पहिल्यांदा ऐकला. तिला वाटायचं ते एखाद्या औषधाचं नाव आहे.

वकिलाच्या तक्रारीसाठी मात्र आम्हीही तुमच्याच रांगेत, बार कौन्सिल एकच.

रेडिंगकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे सॉलिसिटर ही अजून जिवंत जमात आहे, आणि नियंत्रणाचा हाच वाद इथे वीस वर्षांपूर्वी झाला.

पूर्वी इथेही लॉ सोसायटी हीच सॉलिसिटरांची संघटना आणि हीच त्यांची नियामक. तक्रारींचे ढीग साचले. सरकारने सर डेव्हिड क्लेमेंटी यांना चौकशीला बसवलं. ते वकील नव्हते, बँकेतले माणूस. २००४ च्या अखेरीस त्यांनी अहवाल दिला, सार एवढंच की तुमची बाजू मांडणारा आणि तुमचे कान धरणारा एकच असू नये. मग लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट २००७. नियमनाचं काम सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीकडे (इथे सगळे एसआरए म्हणतात), तिच्या मंडळावर बिगरवकिलांचं बहुमत. आणि ग्राहकांच्या तक्रारीसाठी २०१० पासून वेगळा लीगल ओम्बड्समन, म्हणजे तक्रारी सोडवणारा स्वतंत्र अधिकारी.

दोन कामं वेगळी केली, ही मला सगळ्यांत पटलेली गोष्ट. सॉलिसिटर लबाड असेल तर एसआरए आणि शिस्तपालनाचं ट्रिब्युनल. तो लबाड नाही, नुसता गलथान असेल तर ओम्बड्समन. आम्ही घर घेताना आमच्या सॉलिसिटरने एक सर्च (जागेची कागदोपत्री चौकशी) मागवायलाच विसरून सहा आठवडे घालवले. आधी फर्मकडे लेखी तक्रार करायची, त्यांना आठ आठवडे द्यायचे, मग ओम्बड्समन. सहा महिन्यांनी दिलगिरीचं पत्र आणि ३०० पौंड मिळाले. रक्कम किरकोळ, पण मला एकदाही कुणासमोर उभं राहावं लागलं नाही आणि एक पेनीही खर्च आला नाही.

शिवाय अशिलाचा पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवणं सक्तीचं, विमा सक्तीचा, आणि घराची खरेदी किंवा प्रोबेट अशा कामांचे दर २०१८ पासून वेबसाइटवर लावणंही सक्तीचं. चाफाताईंचे अडीच लाख इथे दिले असते तर आधी दराचा कागद हातात आला असता.

वकिलीणबाई

रेडिंगकर, सगळं मान्य. पण पूर्ण गोष्ट सांगा. अ‍ॅक्सिअम इन्सचं काय झालं?

रेडिंगकर

पकडलंत. ते मी मुद्दाम नाही, पण सोयीस्कर विसरलो होतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ही फर्म एसआरएने बंद केली. अशिलांच्या त्याच सक्तीच्या, वेगळ्या खात्यातून सहा कोटी पौंडांहून जास्त रक्कम नाहीशी झाली होती. सुमारे १,४०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याआधी तिने दोन जुन्या फर्म विकत घेतल्या, तेव्हाही कुणी नीट पाहिलं नाही. २०२४ मध्ये एसआरएवर देखरेख करणाऱ्या लीगल सर्व्हिसेस बोर्डाने मागवलेल्या अहवालात एसआरएच्या कामावर सरळ ठपका आहे. लोकांचे पैसे भरून द्यायला जो नुकसानभरपाई निधी आहे, त्यासाठी प्रत्येक सॉलिसिटरची वर्गणी ३० पौंडांवरून ९० झाली. माझी मेहुणी सॉलिसिटर आहे. ती म्हणते, चोरी एका ठिकाणी, दंड सगळ्या गावाला.

कोकणी_मेवा

पण भरून मिळाले ना? आपल्याकडे मेहुणीला ९० पौंड पडले नसते, चाफाताईंना अडीच लाख पडले असते. मला तर हीच सुधारणा वाटते.

तात्या_तळेगाव

मेव्याशी पहिल्यांदाच सहमत. आज पाऊस पडणार.

वकिलीणबाई

मलाही मुद्दा पटतो, फक्त 'वकील वकिलांना वाचवतात' एवढ्यावर विषय संपवू नका.

आमच्या बार कौन्सिलने कधी कान धरलेच नाहीत असं नाही. मुंबईतल्या फौजदारी कोर्टांच्या दारात काही वकील आरोपीच्या नातेवाइकांवर झडप घालायचे, कागद हिसकावून घ्यायचे, एकमेकांशी धक्काबुक्की करायचे. राज्याच्या बार कौन्सिलने त्यांना निलंबित केलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने सोडून दिलं. तेव्हा राज्याची कौन्सिल सुप्रीम कोर्टात गेली. आधी हिला अपील करायचा हक्कच आहे का, यावर १९७५ मध्ये सात न्यायमूर्ती बसले. आहे म्हणाले. मग मूळ मुद्द्यावरही ते गैरवर्तनच ठरलं.

खरी अडचण वेगळी आहे. कलम ३५ खाली शिक्षा म्हणजे ताकीद, निलंबन किंवा सनद रद्द. पैसे परत देण्याचा हुकूम हा त्या कलमाचा गाभाच नाही. म्हणजे तुम्ही जिंकलात तरी वकिलाचं नुकसान होतं, तुमचं भरून येत नाही. त्यासाठी दिवाणी दावा लावा, तोही दुसरा वकील करून. २०२४ पर्यंत ही फट ग्राहक मंच थोडीफार भरून काढत होता. ती पुन्हा उघडी पडली आणि तिथे ओम्बड्समनसारखं काहीच आलं नाही.

आणि बदल झाला नाही त्याला वकीलच जबाबदार असंही म्हणू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने अ‍ॅडव्होकेट्स दुरुस्ती विधेयकाचा मसुदा आणला. १३ तारखेला आला, २२ ला मागे घेतला. मीही त्याविरुद्ध काळी फीत लावली होती. कारण त्यात बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारने आपली माणसं नेमायची तरतूद होती. सरकारविरुद्ध उभं राहणाऱ्या वकिलाची सनद सरकारी माणसाच्या हातात द्यायची?

कोकणी_मेवा

आणि संपावर बंदी होती, ती नाही सांगितलीत. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय की वकिलांना संपाचा हक्क नाही. तरी आमच्या तालुक्याला महिन्यातून एकदा 'कामकाजापासून अलिप्त'. माझ्या वडिलांच्या वहिवाटीच्या दाव्यात निदान पाच तारखा त्या अलिप्ततेत गेल्या. दरवेळी एसटीने चाळीस किलोमीटर जायचं आणि गेटवरून परत.

वकिलीणबाई

तो मुद्दा तुमचा. त्यावर मी काय बोलू, मीही त्या गेटच्या आत बसून चहा प्यायलेली आहे.

रेडिंगकर

पण बाई, बिगरवकील म्हणजे सरकारी माणूस असं कुठे आहे? इथे मंडळावर हिशेब तपासणारे असतात, ग्राहकांचं काम केलेले लोक असतात. सरकारही नको आणि बिरादरीही नको, अशी तिसरी खुर्ची मिळते.

निवृत्त_आर्टिकल

मिळते, पण तिचं भाडं कुणी भरायचं हा आपल्याकडचा प्रश्न. लंडनच्या वकिलाला ९० पौंड जड नाहीत. जव्हारच्या कोर्टात तीनशे रुपयांत जामिनाचा अर्ज करणाऱ्या पोराला विमा, ऑडिट आणि वेगळं खातं सक्तीचं केलं तर ते वकिलीच सोडेल. फोर्टची फर्म आणि जव्हारचं पोर यांना एकच माप लावता येणार नाही.

खवचट_खारूताई

मग अशिलाचे पैसे हाती घेणाऱ्यालाच लावा! जव्हारचं पोर कुणाचे अडीच लाख सांभाळतंय?

निवृत्त_आर्टिकल

...हे मला सुचायला हवं होतं.

संपादक मंडळ

धागाकर्तीने फर्मचं नाव दिलेलं नाही, इतरांनीही अंदाज बांधू नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत. लिफ्टवरूनही इमारत ओळखू नका.

वकिलीणबाई

चाफाताई, चर्चा लांबली आणि तुमचं शेअर सर्टिफिकेट तिथेच राहिलं. आता कामाचं.

फाइल अडवून ठेवता येत नाही. सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा आर. डी. सक्सेना निकाल आहे. एका वकिलाने फी थकली म्हणून बँकेच्या फाइली परत दिल्या नव्हत्या. कोर्ट म्हणालं, फी हवी तर दावा लावा. अशिलाचे कागद म्हणजे सोनाराकडे गहाण टाकलेला दागिना नव्हे (हे शब्द माझे). कागद न देणं हेच गैरवर्तन. कायदा तोवर स्पष्ट नव्हता म्हणून त्या वकिलाची शिक्षा ताकिदीवर आणली, पण तुमच्या साहेबांना ती सबब उरलेली नाही.

दुसरं, प्रोबेटची कोर्ट फी महाराष्ट्रात कमाल ७५,००० रुपये. अडीच लाखांत उरलेले पावणेदोन लाख कशाचे? बार कौन्सिलच्या नियमांत अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवणं, आणि मागितल्यावर त्याची प्रत देणं, दोन्ही बंधनकारक आहे. वेगळं बँक खातं नसेल सक्तीचं, वही आहे.

एक पत्र लिहा. आरडाओरडा नको. कागद परत द्या, हिशेब द्या, पंधरा दिवस. निकालाचं नाव, नियमाचा उल्लेख, पोचपावती मिळेल असं टपाल. 'तक्रार करीन' असं लिहूही नका, त्यांना कळतं.

तात्या_तळेगाव

आणि पत्रात 'घरच्यासारखे' हा शब्द नक्की वापरा.

चाफा_गिरगाव

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतेय.

वकिलीणबाईंनी सांगितलं तसंच पत्र पाठवलं. तात्यांचा शब्द नाही वापरला, मोह झाला होता. नवव्या दिवशी शिपाई घरी आला, खाकी पाकीट, वर माझं आडनाव चुकलेलं. आत शेअर सर्टिफिकेट (स्टेपलरची पिन गंजून कागदाला तपकिरी डाग पडलाय), आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, आणि रजिस्ट्रीच्या, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयाच्या, ऑब्जेक्शन्सची ती यादी, जी मला कधीच दाखवली नव्हती. दोनच ओळी होत्या. एक, पान १४ वर क्रमांक घातलेला नाही. दोन, भावाच्या पत्त्यात पिनकोड नाही.

चार वर्षं.

नव्या वकिलाने दोन्ही त्याच आठवड्यात दुरुस्त करून दिली. हिशेबही आला, एका पानाचा. कोर्ट फी ७५,०००. बाकी सगळं 'प्रोफेशनल चार्जेस अँड सन्ड्रीज', म्हणजे फी आणि किरकोळ खर्च. एक लाख दहा हजारांची मागणी गायब आहे.

भाऊ म्हणतो, फाइल मिळाली, आता सोड. मी कलम ३५ ची तक्रार लिहायला घेतली आहे. पैसे परत मिळणार नाहीत हे कळलंय.

निवृत्त_आर्टिकल

'सन्ड्रीज'! ताई, हा शब्द टॅक्सिंग मास्टरने पहिल्या फटक्यात कापला असता. तक्रारीत त्या पानाची झेरॉक्स जोडा. मूळ प्रत देऊ नका.

वकिलीणबाई

आणि मसुदा मला व्यनि करा. फी नाही. पावतीही मिळणार नाही.

खवचट_खारूताई

बाई, घरच्यासारख्या झालात की!